जुन्या आरमारी खेळाचे भाग गहाळ असतील तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत गावभागातल्या घरी, तळमजल्यावरच्या कपाटात शिडांच्या जहाजांच्या लढाईचा एक जुना परदेशी खेळ सापडला. त्यात १:१२०० प्रमाणातली धातूची ११ जहाजं आहेत. जहाजांची कार्डं फक्त ७, नुकसानीच्या चकत्या (मार बसला की पिशवीतून काढायच्या) अर्ध्यामुर्ध्या, फासे पाच. वळणाची पट्टी आणि वाऱ्याची चकती गायब, नियमपुस्तिकेची मधली चार पानं नाहीत. २०१९ च्या पुरात खोका भिजला होता. हे भाग कुठे मिळतील, नाही मिळाले तर खेळ उभा करता येईल का, त्यात कान्होजी आंग्र्यांची गुराबं-गलबतं (मराठा आरमाराची लढाऊ जहाजं) घालता येतील का, आणि नाहीच जमलं तर विकून टाकावा का, असं विचारलं आहे.

सुटे भाग विकत मिळण्याची वाट बघू नका. असे खेळ थोड्या प्रती निघून बंद पडलेले असतात, आणि ज्याच्याकडे जादा भाग असतात तो अख्खा खोकाच विकतो. तसं पाहिलं तर तुमच्याकडून वस्तू हरवल्यात त्यापेक्षा आकडे हरवलेत. वळणाची पट्टी म्हणजे एक कोन आणि एक लांबी. चकत्यांची पिशवी म्हणजे एक सरासरी. कार्ड म्हणजे पाच-सहा आकडे. आकडे हाती आले की हरभट रोडवरची स्टेशनरी आणि एखादा बाइंडिंगवाला एवढ्यावर बाकीचं भागतं. आकडे न शोधता नुसती वस्तू बनवली, तर ती दिसते सुरेख आणि खेळ मात्र बिघडतो.

दोन गोष्टी खोका बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. एक, खेळ षटकोनी घरांच्या पटावर चालतो की मोकळ्या टेबलावर पट्टीनं मोजून. कार्डांवर वेग २, ३, ४ असा लहान असेल आणि पुस्तिकेत घरांचा उल्लेख असेल तर पट. इंच किंवा सेंटिमीटर दिसले तर टेबल. वळणाच्या पट्टीचा उल्लेख आहे म्हणजे बहुधा दुसराच प्रकार, म्हणून पुढचं तसं धरून लिहितो. दुसरी गोष्ट, जहाजांचं शिसं कितपत खराब झालंय. सुरुवात तिथूनच करा, कारण कार्ड सहा महिन्यांनी बनवलं तरी चालतं, शिशाला तेवढी सवड नसते.

जुनी धातूची जहाजं बहुधा शिसं-कथलाच्या मिश्रणाची असतात. कागदावर तळ घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं भरपूर आहे. जहाजावर, खास करून तळाला आणि बारीक कोपऱ्यांत, पांढरट भुकटी किंवा फुगलेले पापुद्रे दिसतात का ते बघा. ओल, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि लाकूड-पुठ्ठ्यातून सुटणारी अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ असं तिन्ही जमलं की शिशाचं कार्बोनेट होतं. भिजलेला पुठ्ठ्याचा खोका बंद कपाटात राहिला, म्हणजे तिन्हीची सोय झालीच. ही भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, कोरडा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका. हातमोजे आणि मास्क घालून, स्वयंपाकघरापासून लांब, टाकाऊ डब्यात थोडं पाणी घेऊन ओल्या टूथब्रशनं काढा. पुसलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, पाणी बागेत ओतू नका, आणि या कामाला मुलांना बसवू नका.

इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर. पितळेला ते चालतं. शिशाला आम्ल म्हणजे रोगच पाजणं. धुतलेलं जहाज दोन दिवस पंख्याखाली वाळवा आणि मग तळासकट सगळीकडून राखाडी प्रायमरचा पातळ फवारा मारा. तळ उघडा राहिला की रोग तिथूनच परत सुरू होतो. ठेवायला झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. प्लायवूड किंवा एमडीएफचं शोकेस कितीही देखणं असलं तरी नको, त्यातून आम्लाची वाफ वर्षानुवर्षं सुटत राहते.

मोडलेल्या डोलकाठ्यांना ०.८ मिमी पितळी तार लावा. हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं दीड-दोन मिमी खोल भोक पाडा आणि दोन नळ्यांचं इपॉक्सी भरा. फेविक्विकनं लावलेली काठी पहिल्याच धक्क्याला तुटते, कारण तो जोड कडक असतो पण ठिसूळ. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाख (सोल्डर) लावून घ्यायचा मोह आवरा. कथल-शिशाचं ओतकाम सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेनं काठीबरोबर स्वतःच वितळतं. दोरखंडासाठी मात्र तुमच्या शेजारी खजिना आहे. मिरजेत सतारमेकरांकडे सतारीच्या बाजाची पोलादी तार मिळते, जाडी ०.३ मिमीच्या आसपास. ती ताठ राहते, दोऱ्यासारखी लोंबत नाही की तिला तूस सुटत नाही. कापताना चष्मा लावा, तुकडा उडतो.

भिजलेली कार्डं आणि पुस्तिका सपाट करण्याआधी स्कॅन करा, ३०० डीपीआयवर आणि मूळ मापात. बुरशी असेल तर आधी पूर्ण वाळवा, मग ओल्या नव्हे, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, तेही गच्चीवर. सुटलेले थर पाणी घातलेल्या फेविकॉलनं चिकटवा आणि दोन्ही बाजूंना पॉलिथिन ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा.

आता मोजदाद. पुस्तिकेच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर सामानाची यादी असते, ती वाचली गेली तर निम्मं काम झालं. नसेल तर खोक्याच्या तळाशी चकत्या काढून उरलेली भोकाभोकाची पुठ्ठ्याची चौकट पडली आहे का बघा. लोक ती कचरा समजून टाकतात. भोकं मोजली की एकूण चकत्या किती होत्या ते कळतं, आणि कधी कधी भोकाच्या कडेला छपाईचा रंग राहिलेला असतो, त्यावरून कुठल्या प्रकारच्या किती हेही निघतं.

चार गहाळ कार्डं हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग, आणि सगळ्यात रंजकही. बहुतेक जण तोफांच्या संख्येवरून अंदाज बांधतात: ७४ तोफांच्या जहाजाचा मारा १८ असेल तर ३२ तोफांच्या फ्रिगेटचा (हलक्या, वेगवान लढाऊ जहाजाचा) ८. हे साफ चुकतं, कारण तोफा सारख्या नसतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं इंग्रजी ७४ तोफांचं जहाज घ्या. खालच्या मजल्यावर २८ तोफा ३२ पौंडी (म्हणजे ३२ पौंडांचा गोळा डागणाऱ्या), वरच्या मजल्यावर २८ तोफा १८ पौंडी आणि उरलेल्या १८ तोफा ९ पौंडी. एका बाजूला निम्म्या, म्हणजे १४ गुणिले ३२, अधिक १४ गुणिले १८, अधिक ९ गुणिले ९: एका माऱ्यात ७८१ पौंड लोखंड. त्याच काळातल्या ३२ तोफांच्या फ्रिगेटवर २६ तोफा १२ पौंडी आणि ६ तोफा ६ पौंडी, म्हणजे एका बाजूला १७४ पौंड. प्रमाण जवळजवळ साडेचारास एक. १८ च्या हिशेबानं फ्रिगेटला ४ मिळायला हवेत. ८ दिलेत तर दोन फ्रिगेटींचा मारा मिळून मोठ्या जहाजाच्या जवळपास तोडीचा होईल आणि तुम्हाला वाटेल खेळच वाईट आहे.

पण थेट प्रमाण लावण्याआधी शाबूत कार्डांना विचारा. काही खेळ करणारे मुद्दाम फरक दाबून ठेवतात, नाहीतर लहान जहाज घ्यायला कोणी तयारच होत नाही. आलेख कागद घ्या, आडव्या अक्षावर एका बाजूच्या माऱ्याचं वजन पौंडांत, उभ्यावर कार्डावरचा आकडा. सात कार्डांचे सात ठिपके पडतील. ते सरळ रेघेत आले तर थेट प्रमाण. मोठ्या जहाजांकडे जाताना रेघ आडवी होत गेली तर आकडे दाबलेले आहेत, आणि तुमची चार जहाजंही त्याच वाकड्या रेघेवर बसली पाहिजेत. एखादा ठिपका फटकून असेल तर बहुतेक वेळा ते जहाज फ्रेंच असतं. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा सुमारे ८ टक्के जड. फ्रेंच ७४ वर २८ तोफा ३६ पौंडी, ३० तोफा १८ पौंडी आणि १६ तोफा ८ पौंडी. एका बाजूला ८३८ फ्रेंच पौंड, म्हणजे इंग्रजी मापात जवळपास ९०४. कागदावर दोन्ही ७४, प्रत्यक्षात सव्वाशे पौंडांचा फरक.

सांगाड्याची ताकद मात्र तोफांवरून काढू नका, जहाजाच्या आकारावरून काढा. ७४ तोफांचं जहाज साधारण १६०० ते १७०० टनांचं, वरचं फ्रिगेट ७०० च्या जरा आत. म्हणजे मारा साडेचार पट असला तरी सांगाडा अडीच पटच. खलाशांचंही तसंच, मोठ्यावर साधारण ६००, फ्रिगेटवर २२०. वेग उरलेल्या फ्रिगेटच्या कार्डावरून जसाच्या तसा उचला, त्यात अंदाजाला जागा नाही.

नुकसानीच्या चकत्यांकडे लोक ‘थोड्या कमी तर कमी’ म्हणून बघतात. समजा मूळ ५० चकत्या होत्या: शून्याच्या १५, एकच्या २०, दोनच्या १० आणि तीनच्या ५. बेरीज ५५, सरासरी १.१. त्यातल्या तीनच्या ४ हरवल्या तर ४६ चकत्यांत बेरीज ४३, सरासरी ०.९३. २२ ताकदीचं जहाज बुडवायला आधी २० चकत्या लागायच्या, आता साडेतेवीस लागतील. संध्याकाळचा खेळ रात्री अकरापर्यंत रेंगाळतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. शून्याच्या चकत्या हरवल्या तर नेमकं उलटं, जहाजं कागदाच्या होड्यांसारखी बुडतात.

म्हणून संख्या पूर्ण करा, पण जुन्यात नव्या मिसळू नका. पिशवीत हात घातला की नवा पुठ्ठा बोटांना कळतो, आणि चांगला खेळाडू ते नकळतसुद्धा वापरतो. एक तर सगळ्या नव्या बनवा: बाइंडिंगचा दोन मिमी पुठ्ठा, त्यावर छापील कागद, मागे सगळ्यांना एकच रंग. नाहीतर तांबोल्याचा संच आणा. त्यात १ ते ९० आकड्यांच्या एकाच साच्यातल्या सोंगट्या असतात, हाताला सगळ्या सारख्या. त्यातल्या १ ते ५० घ्या आणि एक तक्ता करा: १ ते १५ शून्य, १६ ते ३५ एक, ३६ ते ४५ दोन, ४६ ते ५० तीन. चिकटवाचिकटवी काही नाही. चकतीऐवजी फासा टाकण्याचा सल्ला मिळेल, पण काढलेली चकती पिशवीत परत जात नसेल तर फाशानं ते साधत नाही. पिशवीला आठवण असते, वाईट चकत्या निघून गेल्या की पुढच्या बऱ्या निघतात. फाशाला ती नसते.

वळणाच्या पट्टीसाठी आधी पुस्तिकेत ‘पॉइंट’ शब्द शोधा. जुन्या होकायंत्राच्या वर्तुळाचे ३२ भाग, एक भाग ११.२५ अंशांचा. कोनमापकावर पाव अंश बघत बसू नका. कागदाचा काटकोन बरोबर मधून दुमडला की ४५ अंश, पुन्हा २२.५, तिसऱ्यांदा ११.२५. त्या घडीवरून कोन पुठ्ठ्यावर उतरवा आणि विश्रामबागेत वा कुठेही अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्याकडून तीन मिमी जाडीत कापून घ्या. जहाज वळताना कुठला बिंदू जागेवर राहतो, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) की मधली डोलकाठी, हे पट्टीवरच खूण करून लिहा. टेबलावरची निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

वाऱ्याची चकती हरवली तरी तिच्यातला मुख्य आकडा वाऱ्यानंच ठरवलेला आहे. आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडं असलेलं जहाज वाऱ्याच्या दिशेला सहा पॉइंटांपेक्षा, म्हणजे ६७.५ अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. तेव्हा चकतीवर वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना ६७.५ अंश लाल, एकूण १३५. सर्वात जास्त वेग वारा थेट पाठीमागून असताना मिळत नाही, कारण मागची शिडं पुढच्यांचा वारा खातात. तो मिळतो वारा मागच्या कोपऱ्यावर असताना. कार्डावर वेगाचे तीन आकडे असतील तर सगळ्यात मोठा तिथला, मधला आडव्या वाऱ्याचा, लहान लाल पट्ट्याच्या कडेचा असं धरून शाबूत कार्डांवर ताडून बघा.

मोजपट्टी छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. अमेरिकी मापाचं पान ए-फोरवर बसवलं की ते सुमारे ९७ टक्के होतं, १० इंचांची पट्टी ९.७ इंचांची. छापून आली की स्टीलच्या फूटपट्टीला लावून बघायची, डोळ्यांवर विश्वास नको. आणि पट्टीच हरवली असेल तर शिडांच्या काळातल्या खेळाला एक सोय आहे: १:१२०० मध्ये १ सेंटिमीटर म्हणजे १२ मीटर, ४५० मीटरचा तोफेचा पल्ला ३७-३८ सेंटिमीटर, आणि ६ बाय ४ फुटांचं टेबल म्हणजे सव्वादोन किलोमीटरला थोडं कमी समुद्र. जहाजाचं आणि अंतराचं प्रमाण एकच ठेवता येतं. पोलादी युद्धनौकांच्या खेळात हे जमत नाही. २५ किलोमीटरचा पल्ला त्या प्रमाणात जवळपास २१ मीटर होतो, म्हणजे मंगल कार्यालयच भाड्यानं घ्यायला लागेल.

समुद्रासाठी साधं निळं केसमेंट कापड घ्या. फ्लेक्स ट्यूबलाइटखाली चमकतं आणि जहाज त्यावरून घसरतं. फासे सहा बाजूंचे हवे असतील तर प्रश्न नाही. दहाचा फासा हवा असेल तर एका रंगाचे एक्का ते दहा पत्ते पिसून एक काढा आणि प्रत्येक वेळी परत पिसा. बाराच्या फाशाऐवजी दोन फाशांची बेरीज घेऊ नका, तिच्यात सात सारखा पडतो आणि एक कधीच नाही. एक फासा टाका, दुसरा सम आला तर सहा मिळवा. वीस बाजूंचा पण ० ते ९ दोनदा लिहिलेला फासा निघाला तर तो चुकीचा छापलेला नाही. पूर्वी दहाचा फासा म्हणून तेच वापरत.

नियमाची चार पानं आधी मागून बघा. त्या खेळाच्या जुन्या खेळाडूंच्या गटात पानांचे नेमके क्रमांक सांगून विचारलं की कोणीतरी फोटो पाठवतं. अख्खी पुस्तिका मागितली तर गप्प बसतात, आणि ते योग्यही आहे. तोवर तक्ते बघा. मागच्या पानावरच्या तक्त्यांत जो शब्द आहे पण शिल्लक पानांत ज्याचा अर्थ दिलेला नाही, तोच हरवलेल्या पानांवर होता. अशा शब्दांची यादी करा. हमखास हरवणारा नियम म्हणजे वाऱ्यातून नाळ फिरवून पलीकडे जाणं. लाल पट्ट्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत १३५ अंश, २२.५ च्या पट्टीनं सहा वळणं. आधीच्या फेरीत वेग नसेल तर प्रयत्नच नाही, असेल तर फासा, आणि चुकलं तर जहाज जागेवर अडकून फेरी वाया, असा तात्पुरता नियम पुरतो. पेन्सिलनं लिहा, खरं पान आलं की खोडता येईल. पहिली चाचणी एकास एक जहाजाची घ्या. अकराच्या अकरा उतरवली तर चूक कार्डात आहे की नियमात, हे सापडत नाही.

आंग्र्यांचं आरमार घालता येईल, पण ७४ तोफांच्या जहाजासमोर नको. साताऱ्याच्या गादीचे सरखेल कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि वरचे ७४ चे आकडे त्यानंतरच्या पिढीचे आहेत. १७५६ ला विजयदुर्गावर मोठी इंग्रजी जहाजं आली खरी, पण तिथलं आरमार बंदरातच जळालं, त्यात खेळ होत नाही. कान्होजींच्या गुराबांसमोर ३० तोफांच्या आसपासचं ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी जहाज द्या.

तीन डोलकाठ्यांचं मोठं गुराब साधारण ३०० टनांचं. नाळेकडे पुढे रोखलेल्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी, आणि बाजूंना ६ ते ९ पौंडी. गलबत जास्तीत जास्त ७० टन, ४०-५० वल्ही, दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. म्हणून गुराबाच्या कार्डावर समोरच्या माऱ्याचा वेगळा आकडा लागतो. बाजूला ७ तोफा ६ पौंडी धरल्या तर ४२ पौंड, फ्रिगेटच्या पावपट, तर समोर २४ पौंड. समोरासमोर बाजू लावून लढलं की गुराब मरतं. शत्रूच्या पिछाडीला राहून शिडांवर मारा केला की ते जिंकतं, आणि तसंच ते लढत. वारा पडला की गलबतं वल्ह्यांनी गुराबाला ओढून नेतात. वल्ह्यांचा वेग वाऱ्याच्या चकतीवर अवलंबून नाही, एवढा एक नियम घातला तरी खेळाचा नूर बदलतो. या प्रमाणात गुराब अडीच सेंटिमीटर आणि गलबत दीड, आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून कोरता येतात, शिडाला ट्रेसिंग पेपर.

विकायचाच असेल तर रंग काढू नका, फक्त भुकटी काढून प्रायमर मारा आणि मूळ कार्ड-चकत्या चिकटपट्टी न लावता झिपच्या पिशवीत वेगळ्या ठेवा. संग्राहक भिजलेला खोका घेतो, दुरुस्त केलेला घासाघीस करून घेतो. शिसं खराब झालंय हे फोटोसकट आधीच सांगा.